'वय झालं' हे निदान नव्हे

घरातील वृद्ध माणूस चालेनासा झाला, एकाएकी विसरू लागला किंवा त्याची जेवणावरची वासना उडाली, की आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'आता वय झालं!' नातेवाईक ते सहानुभूतीने म्हणतात, शेजारी समजूत घालण्यासाठी म्हणतात, कधीकधी डॉक्टरही म्हणतात आणि अखेर ती वृद्ध व्यक्तीही ते मान्य करून टाकते. हे वाक्य दिसायला निरुपद्रवी असले, तरी त्याचा परिणाम मोठा असतो. ते उच्चारले गेले, की शोध थांबतो. तपासणी, निदान आणि उपचार या ज्या तीन पायऱ्या तिशीतल्या रुग्णासाठी आपण गृहीत धरतो, त्या ऐंशीतल्या रुग्णाच्या वाट्याला येतीलच असे नाही.

या समजुतीला प्रत्यक्ष कामातून जबरदस्त हादरा दिला तो लंडनमधील एका स्त्री-डॉक्टरने. त्यांचे नाव डॉ. मार्जरी वॉरेन. आधुनिक वार्धक्यवैद्यकाच्या जननी म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. आपल्याकडे मात्र त्या जवळजवळ अपरिचित आहेत. त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही, कोणतीही नवी शस्त्रक्रिया रूढ केली नाही. त्यांनी केले ते इतकेच, की ज्यांना कोणी तपासत नव्हते, त्यांना तपासले. या साध्या कृतीतून जे निष्पन्न झाले, ते आजच्या शहरी मराठी घरालाही समजून घेण्याजोगे आहे.

७१४ विसरलेली माणसे

१८९७ मध्ये जन्मलेल्या वॉरेन यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलशी संलग्न असलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. पश्चिम लंडनमधील आयलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्या उपवैद्यकीय अधीक्षक म्हणून काम करीत होत्या. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते १९३५ मध्ये. रुग्णालयाच्या शेजारीच जुन्या 'पुअर लॉ' म्हणजे गरिबांविषयीच्या कायद्याखाली चालणारे एक वर्कहाउस होते. त्याचा रुग्णविभाग त्या वर्षी वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे सोपविण्यात आला आणि तेथील ७१४ जणांची जबाबदारी वॉरेन यांच्यावर येऊन पडली.

वर्कहाउस म्हणजे निराधारांसाठीचे सरकारी आश्रयगृह. ज्यांना घर नाही, पैसा नाही आणि सांभाळणारे कोणी नाही, अशांना तेथे अन्न व निवारा मिळे, पण सन्मान मिळत नसे. त्याच्या रुग्णविभागात पक्षाघात झालेले, संधिवाताने आखडलेले, हाड मोडल्यानंतर कधीच न उठलेले, भ्रमिष्ट झालेले आणि केवळ म्हातारे असलेले असे सर्व जण एकाच रांगेत झोपविलेले असत. काही जण वर्षानुवर्षे त्याच खाटेवर होते. खाली पडू नयेत म्हणून खाटांना कठडे होते. भिंती कळकट, उजेड अपुरा, बसायला खुर्च्या नाहीत आणि उठण्याचे कारणही नाही. यांतील अनेकांच्या आजाराचे कधी निदानच झालेले नव्हते. 'दीर्घ रुग्ण' एवढीच त्यांची ओळख. त्यांच्याबाबत करण्यासारखे काही उरलेले नाही, हे जणू सर्वांनी ठरवूनच टाकले होते.

वॉरेन यांनी प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर तपासणी सुरू केली. मग त्यांनी रुग्णांचे पाच गट पाडले. जे उठून हिंडू-फिरू शकतात ते पहिल्या गटात. जे अंथरुणाला खिळले आहेत, पण ज्यांचे मलमूत्र-विसर्जनावर नियंत्रण आहे ते दुसऱ्या. ज्यांचे तसे नियंत्रण नाही ते तिसऱ्या. जे गोंधळलेले आहेत, पण इतरांना त्रास देत नाहीत ते चौथ्या. आणि ज्यांना तीव्र स्मृतिभ्रंशामुळे वेगळे ठेवणे भाग आहे ते पाचव्या. आज ही विभागणी अगदी प्राथमिक वाटेल. परंतु तोवर 'म्हातारे' हा एकच गट होता. माणसे वेगळी केली तेव्हा त्यांचे आजार वेगळे दिसू लागले, आणि आजार वेगळे दिसू लागले तेव्हा उपचारही सुचू लागले.

खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून घरी

पुढचे काम होते माणसांना उठविण्याचे. भिंतींना फिकट, प्रसन्न रंग देण्यात आला, प्रकाशव्यवस्था सुधारली, खाटांवर रंगीत चादरी आल्या. चालताना आधार मिळावा म्हणून कठडे बसविले गेले. पाय जमिनीला टेकतील आणि उठताना त्रास होणार नाही अशा योग्य उंचीच्या हातांच्या खुर्च्या ठेवण्यात आल्या. भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेवक यांनी डॉक्टरांच्या बरोबरीने एकत्र काम करायचे, ही पद्धत वॉरेन यांनी रुजविली. पक्षाघात झालेल्या रुग्णाला लवकरात लवकर बसते, उभे आणि चालते करणे, पाय कापावा लागलेल्या वृद्धाला कृत्रिम पायाची सवय लावणे, यावर त्यांचा विशेष भर होता.

परिणाम थक्क करणारे होते. ज्यांच्याविषयी सर्वांनी आशा सोडली होती, त्यांतील अनेक जण चालू लागले. काही जण स्वतःच्या घरी परतले, काही वृद्धनिवासात राहण्याइतके स्वावलंबी झाले. ७१४ खाटांच्या त्या विभागाची गरज पुढे सुमारे २४० खाटांवर आली. यात चमत्कार काही नव्हता. 'कायमचे अंथरुणाला खिळलेले' म्हणून गणल्या गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आजाराने नव्हे, तर अंथरुणानेच खिळवून ठेवले होते, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

विश्रांतीचा घात

हे कसे घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. विश्रांती म्हणजे उपचार, ही आपली घट्ट समजूत आहे. ताप आला, कंबर धरली, मोरीत पाय घसरला, की 'पडून राहा' हा पहिला सल्ला. तरुण शरीराकडे स्नायूंची आणि हाडांची भरपूर शिल्लक असते. आठवडाभर पडून राहिल्याने फारसे बिघडत नाही. वृद्ध शरीराकडे ही शिल्लक मुळातच कमी असते. अमेरिकेत निरोगी वृद्धांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार तेवढ्या काळात घटल्याचे आढळले. ही निरोगी माणसांची कथा. आजारी, कमी जेवणाऱ्या आणि आधीच अशक्त असलेल्या वृद्धाचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

नुकसान केवळ स्नायूंचे होत नाही. पडून राहिल्याने हाडांतील कॅल्शियम कमी होते, सांधे आखडतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो, पाठीला जखमा होतात, बद्धकोष्ठ जडतो आणि लघवीवरचा ताबा सुटतो. उभे राहिल्यावर रक्तदाब सावरून धरण्याची शरीराची सवय मोडते. त्यामुळे पुन्हा उठण्याचा प्रयत्न केला की चक्कर येते, माणूस पडतो आणि घाबरून पुन्हा अंथरूण धरतो. डॉ. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवरच एक लेख लिहिला. तो आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना सांगितला जातो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गेलेली ताकद काही प्रमाणात परत मिळविता येते आणि त्यासाठी वयाची अट नसते. बोस्टन येथील एका संस्थेत राहणाऱ्या, वयाची नव्वदी गाठलेल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनांच्या साहाय्याने पायांचा व्यायाम देण्यात आला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात, हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होता, हे विसरता कामा नये.

म्हातारपणाआड लपणारे आजार

वार्धक्यवैद्यक या शाखेला 'जेरिॲट्रिक्स' हे नाव मिळाले ते वॉरेन यांच्या कामाच्या बरेच आधी. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वैद्यकी करणाऱ्या इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये हा शब्द योजला आणि १९१४ मध्ये याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बालरोगशास्त्राप्रमाणेच वृद्धांच्या वैद्यकाचीही स्वतंत्र शाखा हवी, असा त्यांचा आग्रह होता. वार्धक्य हा आजार नाही; वृद्धांना होणारे आजार मात्र खरे असतात आणि ते तरुणांतल्यासारखे दिसत नाहीत, हा या शाखेचा पाया आहे.

हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा ठरतो. तरुणाला न्यूमोनिया झाला तर ताप येतो, खोकला येतो. ऐंशी वर्षांच्या आजींना ताप येईलच असे नाही. त्या फक्त जेवणे बंद करतील किंवा असंबद्ध बोलू लागतील. ब्रिटिश वार्धक्यतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स यांनी अशा चार समस्यांना 'महाकाय' म्हणून संबोधले : हालचाल मंदावणे, तोल जाऊन पडणे, मलमूत्र-विसर्जनावरील ताबा सुटणे आणि बुद्धी भ्रमित होणे. या चारही गोष्टी आपण सर्रास 'म्हातारपण' या खात्यात जमा करतो. वास्तविक त्या केवळ लक्षणे असतात. त्यांच्यामागे कारणे असतात आणि त्यांतील काही कारणे बरी करता येतात.

एकाएकी, म्हणजे काही तासांत वा दोन-तीन दिवसांत सुरू झालेला भ्रम हा स्मृतिभ्रंश नसण्याची शक्यता मोठी असते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडिअम घटणे, पाणी कमी पडणे, तुंबलेली लघवी किंवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध, यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. अशा वेळी 'वात झालाय' म्हणून वाट पाहत बसणे धोक्याचे. तो तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचा प्रसंग असतो. हळूहळू वाढणाऱ्या विस्मरणामागेही कधी थायरॉइडची कमतरता, कधी बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, तर कधी नैराश्य असते. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ची कमतरता विरळ नाही. काही वेळा तर आजोबांना विसर पडत नसतो, त्यांना मुळात ऐकूच आलेले नसते.

पडण्याचेही तसेच. रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि सर्दीचे औषध ही चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली औषधे एकाच शरीरात एकत्र येतात, तेव्हा रात्री लघवीला उठलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येणे यात नवल ते काय? त्यात न काढलेला मोतीबिंदू, ओली फरशी आणि सैल चपला यांची भर पडली, की खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. घरचे म्हणतात, 'वयामुळे पडले.' खरे तर ते चार-पाच कारणांमुळे पडलेले असतात आणि त्यांतील बहुतेक कारणे दूर करता आली असती.

एका विभागातून उभी राहिलेली शाखा

वॉरेन यांनी आपले अनुभव १९४३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आणि १९४६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. दीर्घ आजारी वृद्धांना वेगळ्या आश्रयगृहात न टाकता सर्वसाधारण रुग्णालयातच त्यांचा स्वतंत्र विभाग असावा, तेथे निदानाच्या सर्व सोयी असाव्यात आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना या विषयाचे शिक्षण मिळावे, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. काळ अनुकूल होता. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेल्या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. पुढे तीच 'ब्रिटिश जेरिॲट्रिक्स सोसायटी' म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि वार्धक्यवैद्यकाला तीत स्थान मिळाले. १९६५ मध्ये ग्लासगो विद्यापीठात फर्ग्युसन अँडरसन यांची या विषयाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. वॉरेन यांना तो दिवस पाहता आला नाही. १९६० मध्ये एका परिषदेसाठी युरोपात प्रवास करीत असताना मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या.

त्यांची पद्धत आज 'सर्वंकष वार्धक्य-मूल्यमापन' या नावाने ओळखली जाते. वृद्ध रुग्णाचा केवळ आजार न पाहता त्याची चाल, दृष्टी, श्रवण, स्मरण, मनःस्थिती, आहार, औषधे, घराची रचना आणि सांभाळणारी माणसे या सर्वांचा एकत्रित विचार करायचा आणि मग उपचारांची आखणी करायची, हे तिचे स्वरूप. नऊ देशांतील २९ चाचण्या आणि १३,७६६ वृद्ध यांचा समावेश असलेला एक मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल झाल्यावर असे मूल्यमापन झालेले वृद्ध काही महिन्यांनंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फारसा फरक आढळला नाही. हा तपशील प्रामाणिकपणे लक्षात ठेवला पाहिजे. वार्धक्यवैद्यक आयुष्याची दोरी लांबविण्याचे आश्वासन देत नाही. हाती असलेले आयुष्य आपल्या घरात, आपल्या पायांवर जगता यावे, एवढेच त्याचे ध्येय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही याच दिशेची आहे. उत्तम वार्धक्य म्हणजे आजाराचा अभाव नव्हे, तर माणसाला जे करावेसे वाटते ते करता येण्याची क्षमता टिकून राहणे, अशी मांडणी संघटनेने २०१५च्या अहवालात केली. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नव्या आवृत्तीत 'वृद्धत्व' अशी स्वतंत्र नोंद येणार होती. वय हेच निदान ठरेल, अशी टीका जगभरातून झाल्यावर तो शब्द मागे घेण्यात आला.

आपल्या घरातील 'वॉर्ड'

भारतात या शाखेची सुरुवात चेन्नईत झाली. डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचा एम. डी. अभ्यासक्रम सुरू झाला. केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग असावा, अशी त्यात तरतूद आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यांच्या तुलनेत या विषयाचे तज्ज्ञ अत्यल्प आहेत. म्हणूनच बरीचशी जबाबदारी घरातील माणसांवर आणि नेहमीच्या डॉक्टरांवर येते.

आपल्याकडे वर्कहाउस नव्हती. पण दोन खोल्यांच्या सदनिकेत आतल्या खोलीतील पलंगावर जे घडते, ते आयलवर्थमध्ये घडत होते त्याहून कितपत वेगळे असते? तेथे उपेक्षा होती, येथे माया असते, परंतु परिणाम पुष्कळदा सारखाच होतो. 'आई, तू उठू नकोस, आम्ही सगळं हातात देतो,' असे म्हणणाऱ्या मुला-सुनांच्या मनात सेवाभावच असतो. ब्युरोकडून आलेली बाईही भरवणे, पुसणे आणि डायपर बदलणे एवढेच आपले काम समजते. त्यातून आईचे एकेक काम सुटत जाते आणि सुटलेले काम परत येत नाही. या वयात हातात ताट देणे ही सेवा खरीच. पण ताटापर्यंत चालत येण्यास आधार देणे ही अधिक मोठी सेवा आहे.

त्यासाठी काही गोष्टी सहज करता येतील. आजारपणात डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर वृद्ध व्यक्तीला दिवसातून काही वेळा खुर्चीत बसवावे, जेवण पलंगावर न देता टेबलाशी द्यावे आणि शौचासाठी आधाराने चालत न्यावे. संडासात व न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा, रात्री मंद दिवा ठेवावा. चालू असलेल्या सर्व औषधांच्या वेष्टनांसह, अगदी आयुर्वेदिक आणि आपल्या मनाने घेतलेल्या गोळ्यांसह, वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडे जाऊन 'यांतील कोणती बंद करता येतील?' असे विचारावे. परस्पर मात्र कोणतेही औषध थांबवू नये. रक्तदाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही प्रकारे मोजून घ्यावा. डोळे आणि कान तपासून घेण्यास टाळाटाळ करू नये. खुब्याचे हाड मोडले, तर 'या वयात कशाला ऑपरेशन?' असे घरातल्या घरात ठरविण्याआधी तज्ज्ञाचे मत घ्यावे. कारण अशा वेळी शस्त्रक्रिया बहुधा माणसाला पुन्हा उभे करण्यासाठीच असते.

प्रत्येक वृद्ध बरा होईल, असा याचा अर्थ नव्हे. काही स्मृतिभ्रंश वाढतच जातात, काही पक्षाघात मागे हटत नाहीत आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात शांत विश्रांती हाच योग्य उपचार असतो. वॉरेन यांच्याही विभागात अखेरपर्यंत अंथरुणावर राहिलेले रुग्ण होते. त्यांचा आग्रह इतकाच होता, की हा निर्णय तपासणीनंतर व्हावा, तपासणीऐवजी नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी घरातील ज्येष्ठांना घेऊन दवाखान्यात जाल आणि 'वयामुळे होतंय' असे उत्तर मिळेल, तेव्हा नम्रपणे आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : 'डॉक्टर, वय तर मागच्या महिन्यातही एवढंच होतं, मग तेव्हा चालत होते, ते आता का चालत नाहीत?'